नावांत अडकलेला वऱ्हाडचा इतिहास

गावाचे नाव हा इतिहासाचा दस्तऐवज असतो, पण तो जपून वाचावा लागतो. नुसत्या उच्चाराच्या साम्यावरून निकाल दिला की गोंधळ होतो. अलीकडे तर अशा गोंधळाचा वाद व्हायला वेळ लागत नाही.

आमच्या भातकुलीचेच पाहा. रुक्मिणीला श्रीकृष्णाने नेले तेव्हा तिचा भाऊ रुक्मी पाठलागाला निघाला, हरला आणि प्रतिज्ञेमुळे कुंडिनपुराला परतला नाही. त्याने भोजकट हे नवे नगर वसवले, अशी जुनी कथा आहे. ते भोजकट म्हणजेच भातकुली, असे इकडे सांगतात. वा. वि. मिराशी यांचेही मत तसेच होते. काहींनी मात्र भोजकट विदिशेजवळच्या भोजपुरात शोधले.

या वादाला दिशा दिली एका ताम्रपटाने. अचलपूरजवळ चम्मक येथे सापडलेला हा ताम्रपट पाचव्या शतकातील वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा. फ्लीट यांनी तो 1888 मध्ये प्रसिद्ध केला. भोजकट राज्यातील, मधुनदीकाठचे चर्मांक गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याची त्यात नोंद आहे. चर्मांक म्हणजे आजचे चम्मक. तेव्हा भोजकटचा प्रदेश वऱ्हाडातच होता, हे पक्के झाले. परंतु भोजकट नगर म्हणजे भातकुलीच, असे ताम्रपट कुठे म्हणत नाही. पुरावा जिथे थांबतो तिथे आपणही थांबावे.

हाच नियम अचलपूरला लावून पाहू. 'मुसलमानांनी अचलपूरचे इलिचपूर केले' असे सर्रास ऐकू येते. अचलपूर हे नाव जुने आहे, यात शंका नाही. जैन कवी हरिषेण याने इ.स. 988 मध्ये 'धम्मपरिक्खा' हा ग्रंथ अचलपुरातच लिहिला. अल्लाउद्दीन खिलजी 1296 मध्ये देवगिरीच्या वाटेवर येथे आला, तो त्यानंतर तीनशे वर्षांनी. फारसी तवारिखांत हे गाव इलिचपूर म्हणून येते. पण लोकपरंपरा इलिचपूरचा संबंध कुठल्या सुलतानाशी जोडत नाही. ती ईल नावाच्या जैन राजाशी जोडते! दंतकथा म्हणजे पुरावा नव्हे, हे खरे. तरी ज्या नावाला आज 'मुसलमानी' म्हटले जाते, त्याचे मूळ लोकांनी स्थानिक राजातच पाहिले, हे विसरू नये.

गोंधळाचे आणखी एक कारण लिपी. फारसी-उर्दू लिखाणात ज़ेर-ज़बर सहसा देत नाहीत, घाईत नुक्तेही सुटतात. एकच शब्द कोणी 'बरार' वाचतो, कोणी 'बिरार'. इंग्रज आले आणि त्यांनी कानाला ऐकू आले तसे लिहिले. उमरावतीचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' म्हणून विकला गेला. येथे कोणी कोणाचे नाव पुसले नाही. प्रत्येकाने ते आपल्या जिभेने उच्चारले, आपल्या लिपीत लिहिले.

हे सारे आपल्याला का ठाऊक हवे? आपल्या घराघरांतून उर्दू-फारसी सनदा, इनामपत्रे, निकाहनामे पडून आहेत. ते वाचणारी पिढी आता संपत आली आहे. त्यांत गावांची, शिवारांची, नाल्यांची जुनी नावे आहेत. ती वेळीच वाचून मराठीत आणली, तर वऱ्हाडचा इतिहास लिहिताना आपलाही हातभार लागेल. नाहीतर आपल्या गावाच्या नावाचा अर्थ दुसरेच कोणी सांगतील, आणि तो आपल्याला मुकाट्याने ऐकावा लागेल.