पाठीमागे पाहणारा आरसा

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांची दोन आसनांची, बसक्या बांध्याची, शर्यतीच्या धाटणीची मोटार आहे. एका अरुंद गल्लीत हातगाडीला घासून तिचा डाव्या बाजूचा आरसा फुटला. मूळचा आरसा परदेशातून यावयाचा. त्याला दिवस लागणार आणि पैसेही. तेव्हा ते जवळच्या काचवाल्याकडे गेले. त्याने कागदावर आकार उतरविला, हिरकणी फिरविली, कडा घासल्या आणि अर्ध्या तासात आरसा बसवून दिला. काम इतके सुबक की, जोड कोठे आहे हे सांगूनही कळू नये. दुसऱ्या दिवशी हमरस्त्यावर एका मालमोटारीच्या पुढे जाऊन ते डावीकडे वळू लागले. आरशात रस्ता मोकळा दिसत होता. प्रत्यक्षात त्या बाजूने एक मोटारसायकल अगदी लगत आली होती. तिच्या स्वाराने कर्कश भोंगा वाजविला म्हणूनच अनर्थ टळला.

काचवाल्याचे चुकले कोठे? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर या लहानशा वस्तूच्या इतिहासाकडे वळले पाहिजे.

प्रारंभीच्या मोटारींना असा आरसा नव्हताच. रस्ते मोकळे, वेग बेताचा. मागचे पाहावयाचे तर मान वळविली म्हणजे झाले. डॉरोथी लेव्हिट या इंग्रज स्त्रीने शर्यतींत नाव कमावल्यानंतर १९०९ साली स्त्रियांसाठी मोटार हाकण्याविषयी एक पुस्तक लिहिले. त्यात तिने असा सल्ला दिला की, गाडीत एक हातआरसा जवळ बाळगावा. तो केवळ मुखावलोकनासाठी नव्हे, तर मागून येणारी वाहने पाहण्यासाठीही उपयोगी पडतो. प्रसाधनाच्या वस्तूला अशा रीतीने सारथ्याच्या साधनांत स्थान मिळाले.

पुढची हकीकत अमेरिकेतली. ३० मे १९११ रोजी इंडियानापोलिस येथे ५०० मैलांची पहिली शर्यत झाली. त्या काळी शर्यतीच्या गाडीत चालकाशेजारी एक यंत्रज्ञ बसे. मागून कोण येत आहे हे सांगणे हेही त्याचे एक काम. रे हारून याची पिवळी ‘मार्मन वॉस्प’ मात्र एकाच आसनाची होती. प्रतिस्पर्ध्यांनी हरकत घेतली की, याला मागचे दिसणार नाही आणि हा इतरांच्या जिवावर उठेल. हारूनने गाडीवर दांड्या उभारून सुमारे आठ इंच लांब व तीन इंच रुंद असा आरसा बसविला. घोड्याच्या एका गाडीवर असा आरसा आपण पूर्वी पाहिला होता, असे तो सांगे. मध्यंतरी काही काळ साहाय्यक चालकाच्या हाती चाक देऊन, ताशी सरासरी ७४.६ मैल वेगाने, त्याने ती शर्यत जिंकली. गंमत अशी की, विटांनी बांधलेल्या त्या मार्गावर आरसा इतका थरथरत होता की त्यात धड काहीच दिसत नव्हते, अशी कबुली त्याने पुढे दिली. म्हणजे आक्षेप घेणाऱ्यांचे समाधान झाले ते आरसा दिसला म्हणून. आरशात काही दिसले म्हणून नव्हे!

ही गोष्ट विनोदी खरी, परंतु आमच्या काचवाल्याची गोष्ट तिच्याहून फारशी निराळी नाही. आरसा जागेवर असणे आणि त्याने आपले काम करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

काच सपाट असेल तर प्रतिबिंब वस्तूच्या खऱ्या मापाचे दिसते व अंतराचा अंदाज चुकत नाही; मात्र दृष्टीचे क्षेत्र अरुंद राहते. काचेला बाहेरच्या अंगाने किंचित फुगवटा दिला की क्षेत्र विस्तारते, पण वस्तू लहान दिसतात आणि म्हणून दूर भासतात. दिसते त्यापेक्षा वाहन अधिक जवळ आहे, अशी सूचना अनेक आरशांवर कोरलेली असते ती याचसाठी. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. डावा आरसा त्याच्या डोळ्यांपासून लांब. तेथे सपाट काच बसविली तर दिसणारा टापू फारच आखडतो. शर्यतीच्या धाटणीच्या गाडीत आसन खोल आणि मागची खिडकी चिंचोळी, म्हणून बाजूच्या आरशांवरच सारा भरवसा. आमच्या काचवाल्याने फुगीर काचेच्या जागी सपाट काच बसविली. आकार जुळला, गुण जुळला नाही.

तेव्हा दुरुस्ती कशी करावी? प्रथम फुटक्या काचेवर चिकटपट्टी लावावी, म्हणजे तुकडे विखुरत नाहीत. मग गरम हवेने मागचा डिंक मऊ करून काच हळूहळू सोडवावी. पाठीमागची पट्टी मोडू देऊ नये, आणि काच तापविण्याच्या तारा असल्यास त्यांना धक्का लावू नये. दुसऱ्या बाजूचा आरसा नमुना म्हणून नेऊ नये. दोन्हींचा फुगवटा सारखा असेलच असे नाही. जुन्या काचेचा मोठा तुकडा जपून न्यावा. त्यावर पोलादी पट्टीची कड टेकवावी. मध्ये टेकून टोकांशी फट राहिली तर काच फुगीर समजावी आणि तितक्याच फुगवट्याची काच मागावी. शेवटी चालकाच्या आसनावर बसून दुसऱ्या कोणास गाडीमागून बाजूपर्यंत चालावयास सांगावे. तो कोठे दिसेनासा होतो हे पाहिल्यावाचून काम पुरे झाले असे मानू नये.

मागे वळून पाहण्यास आपल्या भाषेत ‘सिंहावलोकन’ असा भारदस्त शब्द आहे. सिंह चालता चालता थांबतो आणि मान वळवितो. मोटारीच्या चालकाला थांबण्याची सवड नसते. त्याचे सिंहावलोकन तळहाताएवढ्या काचेवर सोपविलेले असते. त्या गृहस्थांनी शेवटी योग्य फुगवट्याची काच मागवून बसविली. तीही त्याच काचवाल्याकडून. या खेपेस त्याने पैसे घेण्यापूर्वी स्वतः गाडीभोवती एक फेरी मारली.