मुंगीची वाट आणि पक्ष्याची वाट : इंचगिरी परंपरेतला एक मतभेद

अद्वैतावर बोलायला लागलं की एक प्रश्न हमखास येतो. मी मुळात ब्रह्मच असेन, तर साधना कशाला? आणि साधना करूनच ब्रह्म व्हायचं असेल, तर मग आज मी कोण आहे? हा प्रश्न नुसता वर्गातल्या तर्काचा नाही. शंभरेक वर्षांपूर्वी, आपल्या मराठी-कानडी सीमाभागात, एका संप्रदायातल्या गुरुबंधूंमध्ये यावरून खराखुरा मतभेद झाला. आज तो इतिहास पाहू.

सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यात उमदी हे गाव आहे. तिथले भाऊसाहेब महाराज (१८४३–१९१४) हे निंबर्गी महाराजांच्या परंपरेतले. त्यांचा मठ इंचगिरीला, म्हणजे विजापूर जिल्ह्यात. त्यांची शिकवण कडक होती. गुरूने दिलेलं नाम, ठरलेल्या वेळी ध्यान, आणि हा नेम वर्षानुवर्षं न मोडता चालवायचा. त्यांच्या शिष्यांमधली दोन नावं आज आपल्याला हवी आहेत. एक तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक गुरुदेव रा. द. रानडे (१८८६–१९५७), आणि दुसरे सोलापूरकडच्या पाथरीचे सिद्धरामेश्वर महाराज (१८८८–१९३६).

भाऊसाहेब गेल्यावर काही वर्षांनी सिद्धरामेश्वरांनी ध्यानाच्याही पलीकडे जाण्याची भाषा सुरू केली. संप्रदायातल्या चरित्रात असं सांगतात की, गुरुबंधूंना हे पटलं नाही. गुरूंनी जे शिकवलं नाही, ते तुम्ही कुठून काढलं, असा त्यांचा आक्षेप. सिद्धरामेश्वर आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. पुढे त्यांनी ध्यानाच्या वाटेला पिपीलिका मार्ग म्हटलं, आणि विचाराच्या वाटेला विहंगम मार्ग. पिपीलिका म्हणजे मुंगी. ती बुंध्यापासून सरपटत फळापर्यंत जाते. विहंग म्हणजे पक्षी, तो थेट फळावर उतरतो. या संज्ञा मात्र जुन्या आहेत. वराहोपनिषदात शुकाचा मार्ग विहंगम आणि वामदेवाचा पिपीलिका असा भेद केलेला आहे.

आता पुष्कळांचा समज असा होतो की हा फरक वेगाचा आहे. एक पॅसेंजर, दुसरी एक्स्प्रेस! मला ते बरोबर वाटत नाही. खरा मुद्दा शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या सुरुवातीलाच मांडलाय. कर्म करणाऱ्याच्या हातात असतं. घोड्यावर जावं, पायी जावं किंवा जाऊच नये. पण समोर खांब आहे की माणूस, हे माझ्या मर्जीवर नाही. जे आहे तसंच ते कळतं. म्हणून ज्ञान हे वस्तुतंत्र, आणि उपासना पुरुषतंत्र. आत्मज्ञान ही करण्याची गोष्ट नसून कळण्याची गोष्ट आहे, हे एकदा मान्य केलं की कितीही वर्षं ध्यान केलं तरी त्यातून आत्मा 'तयार' होणार नाही. सिद्धरामेश्वर नेमकं हेच म्हणत होते.

मग गुरुबंधू चुकले का? इथे आपली म्हण कामाला येते : काखेत कळसा, गावाला वळसा. वळसा घालून कळसा सापडत नाही, हे खरंच. पण जो घाबराघुबरा होऊन गावभर धावतोय, त्याला 'अहो, काखेत बघा' हे ऐकू तरी येतं का? आधी त्याला थांबवायला हवं. नाम आणि ध्यान हे थांबवण्याचं काम करतात. कळसा ते घडवत नाहीत, पण ऐकण्याजोगा माणूस घडवतात.

इतिहास याला दुजोरा देतो. पक्ष्याची वाट सांगणारे सिद्धरामेश्वर स्वतः कित्येक वर्षं मुंगीच्या वाटेने चाललेले होते. त्यांचा विचारमार्गही मोघम नाही. स्थूल, सूक्ष्म, कारण आणि महाकारण असे चार देह ते एकेक करून तपासायला लावतात. हे शरीर मी नाही, हे मन मी नाही, त्यामागचा अंधार, ते काहीच न कळणं, तेही मी नाही. शेवटी उरते ती 'मी आहे' ही जाणीव. तिच्यावरही थांबायचं नाही, तीही ओलांडायची. यासाठी ते 'दासबोधा'चा सतत आधार घेत. म्हणजे उडायलाही पंखांना वळण लागतंच.

त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) मुंबईत विड्यांचं दुकान चालवत. १९३३ साली त्यांना गुरू भेटले, आणि १९३६ साली गुरूंनी देह ठेवला. जेमतेम तीन वर्षं. ही तीन वर्षं लोक फार सांगतात. त्या काळात त्यांनी गुरूच्या शब्दावर विश्वास ठेवून 'मी आहे' या जाणिवेला किती चिकाटीने धरून ठेवलं, हे मात्र सांगायचं राहून जातं. १९७३ साली मॉरिस फ्रिडमन यांनी इंग्रजीत आणलेल्या 'आय अ‍ॅम दॅट'मुळे जगभरचे लोक खेतवाडीतल्या त्यांच्या खोलीवर येऊ लागले. तरी तिथली रोजची भजनं चालूच होती.

दुसरीकडे रानडे निंबाळच्या आश्रमात नामाचा नेम अखेरपर्यंत पाळत राहिले. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी महाराष्ट्रातल्या संतांची मांडणी अनुभवाच्या अंगाने केली. एकाच गुरूच्या दोन शिष्यांनी एकच वारसा दोन बाजूंनी सांभाळला, असं मी म्हणेन.

आज ही वाक्यं मोबाइलवर दोन मिनिटांत ऐकायला मिळतात. 'तू आहेसच, काही करू नकोस.' वाक्य खोटं नाही. पण राग तोच, भीती तीच, आणि वर 'मी ब्रह्म' हे नवं बिरुद, असं झालं तर पक्षीही नाही आणि मुंगीही नाही, आपण झाडाखालीच बसलेलो असतो. तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच, की साधना ब्रह्म होण्यासाठी नाही, ऐकलेलं वाक्य आत उतरावं यासाठी आहे. ते उतरलं की नाही, हे ज्याचं त्याने घरी, बाजारात, भांडणाच्या वेळी पाहावं.

पुढच्या वेळी चार देहांची ही मांडणी 'दासबोधा'त कशी येते, ते सविस्तर बघू.