बंद ट्रान्झिस्टरमधून झिरपणारी वीज

'वीजगळती' म्हटले की आपल्याकडे वीज खात्याच्या वाहिन्यांतून वाया जाणारी किंवा आकडे टाकून चोरली जाणारी वीज डोळ्यांपुढे येते. याच नावाची दुसरी एक गळती नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यात घडत असते. यंत्र काहीच काम करीत नसते, ट्रान्झिस्टर 'बंद' असतात, तरी त्यांतून अल्पशी विद्युतधारा झिरपत राहते आणि बॅटरी रिकामी होते. दूरचित्रवाणीच्या रिमोटमध्ये ही गैरसोय एका सेलच्या किमतीची. पण छातीत बसवलेल्या पेसमेकरची बॅटरी संपत आली, तर रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागते. म्हणून कमी दाबावर चालणाऱ्या मंडलांचा आराखडा करणारे अभियंते एकेका मायक्रोअँपिअरचा, म्हणजे अँपिअरच्या दशलक्षाव्या भागाचा, हिशेब ठेवतात.

१९६३ साली अमेरिकेतील फेअरचाइल्ड कंपनीत फ्रँक वॅनलास आणि सी. टी. साह यांनी 'सीमॉस' ही रचना मांडली. तीत परस्परविरोधी स्वभावाचे दोन ट्रान्झिस्टर जोडीने काम करतात; एक चालू असताना दुसरा बंद. त्यामुळे स्थिर अवस्थेत विजेला सरळ वाट मिळत नाही आणि खर्च जवळपास शून्यावर येतो. बटण सेलवर चालणारी मनगटी घड्याळे आणि गणकयंत्रे शक्य झाली ती या गुणामुळे. सीमॉस मंडल स्वस्थ असताना वीज खात नाही, असा समज पुढे अनेक वर्षे टिकला, आणि तेव्हा तो फारसा चुकीचाही नव्हता.

तो मोडला तो काटकसरीच्याच मार्गाने. मंडल काम करीत असताना लागणारी ऊर्जा विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब ५ व्होल्टवरून १ व्होल्टवर आणला, तर तेवढ्याच कामाला पंचविसावा हिस्सा ऊर्जा पुरते. ट्रान्झिस्टरचा आकार आणि दाब एकाच प्रमाणात कमी करीत गेल्यास चिप तापत नाही, हे आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये दाखवून दिले आणि उद्योग त्या वाटेने तीन दशके चालला. मात्र दाब उतरवला की ट्रान्झिस्टर मंदावतो. वेग टिकवायचा, तर त्याचा 'उंबरठा', म्हणजे ज्या दाबाला तो चालू होतो ती पातळीही खाली आणावी लागते. गळती शिरते ती येथून.

उंबरठ्याखाली ट्रान्झिस्टर विजेच्या बटणासारखा खटकन बंद होत नाही. त्यातील धारा उताराने कमी होत जाते. तिला दहापट घटवण्यासाठी गेटवरील दाब सामान्य तापमानाला किमान ६० मिलिव्होल्ट उतरवावा लागतो. ही मर्यादा नेहमीच्या धाटणीच्या ट्रान्झिस्टरला निसर्गनियमानेच घालून दिली आहे. कारखाना कितीही निष्णात असला, तरी ती ओलांडता येत नाही. प्रत्यक्षात हा आकडा ७० ते १०० मिलिव्होल्ट असतो. याचा अर्थ, उंबरठा ०.४ व्होल्टवरून ०.३ वर आणला की गळती किमान दहापट होते. एका ट्रान्झिस्टरमधून एक नॅनोअँपिअर झिरपला, तर कोणाला कळणारही नाही. पण शंभर कोटी ट्रान्झिस्टर असलेल्या चिपमध्ये त्याचाच एक अँपिअर होतो. शिवाय चिप तापली की गळती वाढते आणि गळती वाढली की चिप आणखी तापते. डेनार्ड यांचा नियम २००५च्या सुमारास थकला आणि प्रोसेसरांची गती पूर्वीसारखी वाढेनाशी झाली, त्यामागे हे मोठे कारण होते.

गेटखालच्या विद्युतरोधक थरातूनही वीज निसटते. हा सिलिकॉन ऑक्साइडचा थर १.२ नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे जेमतेम काही अणूंइतका पातळ झाला, तेव्हा इलेक्ट्रॉन त्याच्या आरपार जाऊ लागले. इंटेलने २००७ मध्ये ४५ नॅनोमीटर पिढीच्या चिपमध्ये त्याजागी हाफ्नियमयुक्त थर आणला. तो जाड असूनही गेटची पकड ढिली होत नाही. पुढे २०११ मध्ये त्याच कंपनीने २२ नॅनोमीटर पिढीसाठी माशाच्या परासारख्या उभ्या वाहिनीचा ट्रान्झिस्टर जाहीर केला. त्यात गेट वाहिनीला तीन बाजूंनी वेढतो आणि बंद अवस्थेत ती अधिक घट्ट आवळली जाते. हे उपाय कारखान्याच्या हातातले.

आराखडा करणाऱ्याच्या हातात काय उरते? पहिली गोष्ट, सर्व ट्रान्झिस्टर सारखे न ठेवणे. मंडलाचा वेग ठरतो तो काही मोजक्या मार्गांवर. तेवढ्या ठिकाणी कमी उंबरठ्याचे, चपळ पण गळके ट्रान्झिस्टर वापरायचे आणि बाकी सर्वत्र उंच उंबरठ्याचे, सावकाश पण घट्ट. दुसरी, न लागणाऱ्या विभागाचा वीजपुरवठाच तोडणे. घरातले नळ ठिबकत असतील, तर गावी जाताना आपण टाकीचा मुख्य कॉक बंद करतो, तसाच हा प्रकार. जपानच्या एनटीटीमधील संशोधकांनी १९९५ मध्ये १ व्होल्टवरील मंडलांसाठी ही पद्धत मांडली. चपळ मंडल आणि वीजपुरवठा यांच्यामध्ये त्यांनी उंच उंबरठ्याचा 'निद्रा-ट्रान्झिस्टर' बसवला. यालाही किंमत आहे. पुरवठा तुटला की साठवलेली माहिती पुसली जाते, म्हणून ती जपणारी छोटी, सदैव जागी मंडले वेगळी ठेवावी लागतात. पुन्हा जागे होतानाही ऊर्जा खर्ची पडते. डुलकी फार छोटी असेल, तर वाचलेल्या ऊर्जेपेक्षा हा खर्च जास्त भरतो.

दोन बंद ट्रान्झिस्टर एकापाठोपाठ जोडले, तर गळती निम्मी नव्हे, त्याहून कितीतरी कमी होते. मधल्या बिंदूवर साचणारा दाब वरच्या ट्रान्झिस्टरला अधिकच घट्ट मिटतो. जागेचा थोडा मोबदला देऊन मिळणारी ही सोय स्वस्तच म्हणावी.

एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. दाब जितका कमी तितकी बचत अधिक, असे नाही. दाब उंबरठ्याच्या आसपास आला की मंडल इतके मंदावते की तेच काम पुरे व्हायला अनेकपट वेळ लागतो आणि त्या साऱ्या वेळात गळती चालूच राहते. एका टप्प्यानंतर दाब उतरवला, तर एकूण ऊर्जा वाढते. त्या टप्प्याचा शोध घेणे हेच अल्पदाब आराखड्याचे मर्म आहे.

चिप स्वतः घडवणारे थोडे. तयार चिप वापरून उपकरण बांधणारे पुष्कळ. आपल्याकडील अभियांत्रिकीचे विद्यार्थी बागायतीतील ओलावा मोजणारे यंत्र बांधतात, तेव्हा झोपलेला मायक्रोकंट्रोलर एखादाच मायक्रोअँपिअर घेतो, आणि तरीही सेल आठवड्यात बसतो. सीआर २०३२ या बटण सेलची क्षमता सुमारे २२५ मिलिअँपिअर-तास. सरासरी १० मायक्रोअँपिअर खर्चात तो अडीच वर्षे पुरेल. १ मिलिअँपिअरला जेमतेम नऊ दिवस. मग गळते कोठे? बहुधा चिपच्या बाहेर. सेलचा दाब मोजण्यासाठी लावलेले १० किलोओहमचे दोन रोधच ३ व्होल्टला १५० मायक्रोअँपिअर खातात. तेवढ्याने सेल दोन महिन्यांत आटोपतो. ते १ मेगाओहमचे केले आणि जोडीला छोटा कपॅसिटर दिला की प्रश्न मिटतो. विद्यार्थ्यांचा लाडका ७८०५ रेग्युलेटर स्वतःसाठीच सुमारे ५ मिलिअँपिअर घेतो; त्याला बॅटरीच्या उपकरणात जागा नाही. कोठेही न जोडलेली, अधांतरी इनपुट पिन हा आणखी एक लपलेला चोर. तिच्यावरचा दाब मध्येच तरंगतो, जोडीतले दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट उघडतात आणि वीज सरळ वाहू लागते. सेन्सरचा पुरवठा तोडला, पण त्याच्याकडे जाणारी पिन 'वर' ठेवली, तर सेन्सरच्या संरक्षक डायोडमधून त्याला मागच्या दाराने वीज मिळत राहते. म्हणून पुरवठा तोडण्यापूर्वी पिन खाली आणाव्यात.

किनारपट्टीवर एका कारणाची भर पडते. सोल्डरिंगनंतर बोर्डावर राहिलेला फ्लक्स पावसाळ्यात ओलावा धरतो आणि दोन तारांमध्ये दिसेल न दिसेल अशी वाट तयार होते. मेगाओहमचे रोध वापरलेल्या मंडलात ही वाट सहज मोजमाप बिघडवते. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून त्यावर संरक्षक लेप द्यावा. आणि उन्हाळ्यात मोजलेला झोपेतला खर्च आषाढात पुन्हा एकदा मोजून पाहावा.