‘टाइम’ झाला, पण वेळ कोणती?

शहापूर/मुरबाड - ‘टाइम’ या इंग्रजी शब्दाला मराठीत एकच एक प्रतिशब्द नाही. वेळ, काळ, समय, जमाना, खेप, पट असे अनेक शब्द त्या एका शब्दाच्या पोटात मावतात. तरीही शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत आसनगावच्या फलाटापासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत बोलण्यात सर्रास ऐकू येतो तो ‘टाइम’च. मात्र मराठीने हा शब्द जसाच्या तसा उचललेला नाही. आपल्या गरजेपुरते अर्थ ठेवून बाकीचे सोडून दिले आहेत.

पहिला फरक व्याकरणाचा आहे. मराठीत ‘वेळ’ हा शब्द दोन लिंगांत चालतो आणि लिंगाबरोबर अर्थही बदलतो. ‘ती वेळ’ म्हणजे ठरावीक क्षण. ‘तो वेळ’ म्हणजे कालावधी. ‘जेवायची वेळ झाली’ आणि ‘जेवायला वेळ झाला’ या दोन वाक्यांत एका भुकेल्या तासाचे अंतर आहे. ‘वेळेवर आला’ त्याचे कौतुक होते, ‘वेळाने आला’ त्याला बोलणी खावी लागतात. ‘टाइम’ मात्र मराठीत फक्त पुल्लिंगी झाला. ‘गाडीचा टाइम झाला’ आणि ‘गाडीला टाइम लागला’ यांत भेद करण्याचे काम आता क्रियापदाकडे गेले आहे. हे नुकसान लहान वाटले तरी खरे आहे.

या भागातील रोजच्या वापरात शब्दाचे चार-पाच अर्थ स्थिरावलेले दिसतात. ‘त्या टायमाला’ म्हणजे त्या प्रसंगी. ‘आमच्या टायमाला’ म्हणजे आमच्या उमेदीच्या काळात. ‘एसटीचा टाइम’, ‘शाळेचा टाइम’, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत ‘शिफ्टचा टाइम’ म्हणजे दुसऱ्याने ठरवून दिलेली वेळ. जादा कामाच्या ‘ओव्हरटाइम’ची तर ‘ओटी’ होऊन ती पगाराच्या हिशेबात जाऊन बसली. ‘टाइमपास’ हा शब्द आता चक्क लोकलमध्ये विकल्या जाणाऱ्या शेंगदाण्यांचेही नाव आहे. याउलट, मोजणीचा अर्थ मराठीने घेतलाच नाही. ‘तीन टाइम्स’ येऊन गेलो असे कोणी म्हणत नाही. तेथे ‘तीनदा’ किंवा ‘तीन खेपा’च. पाढ्यांतही ‘तीन चोक बारा’ अबाधित आहे.

घड्याळाची वेळ या मुलखात आणली ती प्रामुख्याने रेल्वेने. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८५५ मध्ये वासिंदला आणि १८६१ मध्ये कसाऱ्याला पोचला. थळ घाट ओलांडून इगतपुरीपर्यंत गाडी जाऊ लागली १८६५ मध्ये. पुढे रेल्वेने मद्रासची वेळ प्रमाण धरली, ती मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे होती. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटांनी पुढे. मुंबई महापालिकेने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. शहापूरच्या डोक्यावरचा सूर्य मात्र आजही प्रमाणवेळ पाळत नाही. प्रमाणवेळेचे रेखावृत्त ८२.५ अंशांवर, शहापूर सुमारे ७३.३ अंशांवर, त्यामुळे येथे माध्यान्ह सरासरीने दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांच्या आसपास होते. मुरबाडला आजवर रेल्वे नाही. तेथे टाइम म्हणजे कल्याणच्या एसटीचा. मुक्कामाची गाडी चुकली की पुढचा हिशेब दुसऱ्या दिवसाचा.

रेल्वेपूर्वी लोकांना वेळ कळत नव्हती, असा समज कोणी करून घेऊ नये. ‘दिवस कासराभर वर आला’ हे शेतकऱ्याच्या हातातल्या दोराने घेतलेले माप आहे. घटका २४ मिनिटांची, तास अडीच घटकांचा. ‘तास’ हा शब्दही बाहेरचाच, फारसीच्या वाटेने आलेला. तो मुळात थाळीचा. टोल थाळीवर पडायचे, म्हणूनच मराठीत आजही ‘किती वाजले’ असे विचारतात. तेव्हा ‘टाइम’ परका म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही.

अडचण येते ती शब्द धूसर असतो तेथे. औषधाच्या पुडीबरोबर ‘तीन टाइम’ असे सांगितले जाते. सांगणाऱ्याच्या मनात बहुधा दर आठ तासांनी असते. ऐकणाऱ्याच्या घरी ‘टाइम’ म्हणजे जेवणाची वेळ. आवणीच्या दिवसांत सकाळी भाकरी खाऊन शेतावर गेलेला माणूस थेट रात्री जेवत असेल, तर त्याच्या लेखी दिवसाला दोनच टाइम होतात आणि तिसरी गोळी पुडीतच राहते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबाचीही तीच गत. त्यामुळे दवाखान्यात ‘तीन टाइम’ऐवजी ‘सकाळी, दुपारी, रात्री’ किंवा सरळ तास सांगणे केव्हाही चांगले. गोळी जेवणानंतर घ्यायची की नुसती, हेही वेगळे सांगायला हवे.

दुसरा शब्दप्रयोग ‘पाण्याचा टाइम’. मुंबईच्या चाळींत आणि इमारतींत तो पक्का ठाऊक असतो. पहाटे नळाला किती वाजता पाणी येणार, हे लहान मूलही सांगते. ते पाणी जाते शहापूर तालुक्यातून. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला मिळते, भातसाही याच तालुक्यात. आणि त्याच शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. टँकर कधी येणार असे विचारले, तर उत्तर मिळते, ‘टाइम नाही.’ म्हणजे टँकरला सवड नाही असे नव्हे. त्याच्या येण्याला ठरलेली वेळच नाही. हंडे मात्र सकाळपासून रांगेत लावलेले असतात.