फोटोच्या पाठीवरचे नाव

1914 साली कोडॅक कंपनीने बाजारात आणलेल्या एका कॅमेऱ्याच्या पाठीला छोटीशी झडप होती. फोटो काढून झाला की ती उघडायची, धातूच्या टोकदार लेखणीने आतल्या कागदावर नाव, गाव, तारीख लिहायची आणि उघडी झडप काही सेकंद उजेडाकडे धरायची. रोल धुऊन आला की दोन निगेटिव्हांमधल्या पट्टीत ते हस्ताक्षर उमटलेले दिसे. ही युक्ती हेन्री गेसमन यांची. कोडॅकने तिचे हक्क 3 लाख डॉलर मोजून घेतले आणि 1932 पर्यंत ती चालवली. या कॅमेऱ्यांना 'ऑटोग्राफिक' म्हणत.

फोटो आणि त्याची माहिती एकाच फिल्मवर, जवळजवळ एकाच क्षणी नोंदवण्याचा सर्वसामान्य माणसाच्या हातातला हा पहिला मोठा प्रयत्न. पुढे डिजिटल कॅमेऱ्याने हेच काम माणसाला न विचारता करायला सुरुवात केली. फरक एवढाच, की त्याला तारीख कळते, वेळ कळते, भिंगाचे माप कळते. चौकटीत डावीकडे उभी असलेली मावशी कोण, हे कळत नाही. फोटो लावून ठेवण्याच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या खटाटोपात ही मावशी वारंवार हरवलेली आहे.

खटाटोपाची गरज पडली ती फोटो स्वस्त झाल्यावर. 1854 मध्ये पॅरिसच्या आंद्रे दिस्देरी यांनी व्हिजिटिंग कार्डाएवढ्या फोटोचे पेटंट घेतले. एका काचेवर अनेक फोटो निघू लागले, लोक ते एकमेकांना वाटू लागले आणि ते खोचायला अल्बम निघाले. त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. मराठी मध्यमवर्गाच्या घरी अल्बम पोचायला पुढे बराच काळ जावा लागला. काळ्या जाड पानांचा, कोपरे चिकटवलेला, मध्ये बटर पेपर घातलेला तो अल्बम ज्याने लावला, त्याच्याच डोक्यात त्याची सूची असे. कोणी हौशी असेल तर फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने दोन शब्द. एरवी 'ही कोण गं?' या प्रश्नाचे उत्तर घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडे, आणि तिच्यामागे कोणाकडेच नाही.

घराबाहेर मात्र फोटो लावण्याचे काम फार शिस्तीत चालले होते. विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या इंग्रज फोटोग्राफरने 1860 च्या दशकात 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे' या ग्रंथाचे दोन खंड काढले. वेगळ्या ठिकाणी काढलेली माणसे कापून दुसऱ्याच पार्श्वभूमीवर बसवायची आणि खाली जातीचे नाव द्यायचे, अशी त्याची पद्धत. 1868 ते 1875 या काळात सरकारी आश्रयाने 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड निघाले. त्यांतही माणूस बहुधा आपल्या नावाने येत नाही. तो जातीचा किंवा जमातीचा नमुना म्हणून येतो. आजच्या भाषेत सांगायचे तर टॅग होता, पण तो सरकारने लावलेला. फोटोतल्या माणसाला तो विचारून लावलेला नव्हता.

फोटो नेमका कुठे ठेवायचा, हा प्रश्न सगळ्यात मोठ्या प्रमाणावर पुढे आला तो अमेरिकेत. 1935 पासून रॉय स्ट्रायकर हे अर्थशास्त्राचे अध्यापक सरकारी खात्यासाठी ग्रामीण अमेरिकेचे फोटो काढवून घेत होते. डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स, आर्थर रॉथस्टाइन आणि नंतर गॉर्डन पार्क्स असे फोटोग्राफर त्यांच्या हाताखाली होते. नको असलेल्या निगेटिव्हांना स्ट्रायकर चक्क भोक पाडत. तरी या खात्याच्या आणि त्यापाठोपाठ आलेल्या युद्धमाहिती कार्यालयाच्या मिळून सुमारे 1 लाख 75 हजार कृष्णधवल निगेटिव्ह साठल्या. त्यातून हवा तो फोटो काढायचा कसा?

1942 मध्ये हे काम पॉल व्हँडरबिल्ट यांच्याकडे आले. त्यांनी केलेली तोड अशी. एका फोटोग्राफरने एका कामगिरीवर काढलेले सगळे फोटो एकत्र ठेवून त्यांचा एक गट करायचा आणि तो तसाच मायक्रोफिल्मवर उतरवायचा, म्हणजे त्यांचा मूळ क्रम आणि संदर्भ मोडत नाही. मग छापील प्रती मात्र त्या क्रमातून सोडवायच्या आणि प्रदेशानुसार व विषयानुसार कपाटात लावायच्या: शेती, घरे, रस्ते, कामावरची माणसे. पहिली मांडणी सांगे की फोटो कुठून आला. दुसरी सांगे की त्यात काय आहे. फोल्डर आणि टॅग हे शब्द आजच्या अर्थाने तेव्हा नव्हते, पण दोघांची कामे व्हँडरबिल्टनी वेगळी करून ठेवली होती.

महाराष्ट्रात याच्या थोडे आधी कागदांच्या बाबतीत असेच काहीसे घडले होते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालांत बांधलेले. रुमालांची संख्या हजारोंनी. गो. स. सरदेसाई यांनी 1930 ते 1934 दरम्यान त्यांतून निवडक कागदांचे 45 खंड काढले, तेव्हा रुमालांची बांधणी तशीच राहिली आणि पानिपतासारखे एकेक प्रकरण छापील खंडात एकत्र आले. अभ्यासकाला एका कागदाकडे जायच्या दोन वाटा मिळाल्या.

या दोन वाटांना शास्त्राचे रूप दिले ते मद्रासच्या एका गणिताच्या प्राध्यापकाने. एस. आर. रंगनाथन 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिकण्यासाठी लंडनला गेले. तिथल्या सेल्फ्रिजेस या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला: त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, पण दर वेळी नवी जोडणी. पुस्तकासाठी आधीच ठरवून ठेवलेला एकच खण कशाला हवा, विषयाचे सुटे पैलू जोडून त्याची जागा का ठरवू नये, हा विचार त्यातून आला आणि 1933 मध्ये द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी हे पैलू पाच मूळ प्रकारांत बसवले: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काळ. कोण, कशाचे, काय चालले आहे, कुठे, केव्हा. लग्नाच्या फोटोला आज कोणी वधूचे नाव, 'सप्तपदी', 'सांगली' आणि '2011' असे टॅग लावतो, तेव्हा तो नकळत रंगनाथनांच्याच रस्त्याने चाललेला असतो.

संगणकाने मात्र सुरुवातीला दुसरी वाट सोडून पहिलीच उचलली. 1965 मध्ये मल्टिक्स या प्रणालीच्या आराखड्यात फाइलींची उतरंड आली: एका डिरेक्टरीत दुसरी, तिच्यात तिसरी. 1981 च्या झेरॉक्स स्टार या संगणकाच्या पडद्यावर कचेरीतल्या फोल्डरचे चित्र आले. एमएस-डॉसमध्ये डिरेक्टरीच्या पोटात डिरेक्टरी करायची सोय 1983 च्या दुसऱ्या आवृत्तीत मिळाली. कचेरीच्या कागदाला ही रचना शोभून दिसे. पण गोव्याच्या सहलीतला आजीच्या पंचाहत्तरीचा फोटो 'गोवा'त ठेवायचा की 'आजी'त? दोन्हीकडे ठेवला तर प्रती दोन होतात, आणि वर्षभराने त्यांतली कोणती चांगली, हेही आठवत नाही.

डिजिटल कॅमेरे बनवणाऱ्यांनी हा वाद टाळला. 1995 मध्ये जपानी उद्योगसंघटनेने एक्झिफ हे मानक काढले. त्यामुळे फोटोच्या फाइलीतच तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याचे तपशील लिहिले जाऊ लागले. 1998 च्या डीसीएफ मानकाने कार्डावरची घडी ठरवून दिली: 'डीसीआयएम' नावाचा फोल्डर, त्यात 100 पासून क्रमांक लागलेले उपफोल्डर, आणि फाइलीच्या नावात चार अक्षरे व चार आकडे. आकडे 9999 ला संपतात आणि पुन्हा 0001 पासून सुरू होतात. एकाच नावाचे दोन निराळे फोटो एका घरात सापडतात ते यामुळे.

वेळेच्या नोंदीतही एक गोम राहिली. एक्झिफमध्ये कॅमेऱ्याच्या घड्याळातली वेळ लिहिली जाई, पण ती कोणत्या देशाची हे सांगायला रकाना नव्हता. तो 2016 च्या आवृत्तीत आला. न्यू जर्सीहून मे महिन्यात पुण्याला लग्नाला आलेल्या काकांनी कॅमेऱ्याचे घड्याळ बदलले नाही, तर सकाळी अकराच्या मुहूर्ताचा फोटो त्यांच्या हिशेबात रात्री दीडचा ठरतो. सगळ्यांचे फोटो एकत्र करून वेळेनुसार लावले की अक्षता आधी पडतात आणि हळद नंतर लागते.

माणसाने लिहायच्या माहितीची सोय वृत्तपत्रांच्या दुनियेतून आली. बातमीच्या फोटोला ओळ नसेल तर तो संपादकाच्या कामाचा नाही. म्हणून 1991 मध्ये आयपीटीसी या वृत्तसंस्थांच्या संघटनेच्या पुढाकाराने एक मानक ठरले. ओळ, स्थळ, फोटोग्राफरचे नाव, शोधशब्द यांचे रकाने त्यात होते, आणि फोटोशॉपने ते चित्राच्या फाइलीतच भरायची सोय केली. 2001 मध्ये अडोबीने एक्सएमपी ही अधिक लवचीक पद्धत आणली. ऑटोग्राफिकच्या झडपेआड लिहिली जाणारी ओळ अशी पुन्हा फोटोच्या पोटात गेली.

घरोघरी हे पोचले ते 2002 च्या आयफोटोने आणि त्याच सुमारास आलेल्या, 2004 मध्ये गूगलने विकत घेतलेल्या पिकासाने. त्याच 2004 मध्ये व्हँकुव्हरच्या एका छोट्या कंपनीने फ्लिकर सुरू केले. तिथे टॅग कोणते लावायचे याची यादी कोणी दिलेली नव्हती. एका फोटोला 75 पर्यंत टॅग चालत. ग्रंथपालांच्या शिस्तीपुढे हा गोंधळच होता, पण लाखो लोकांच्या गोंधळातून ज्याला जे हवे ते सापडत होते. टॉमस व्हँडर वॉल यांनी याला 'फोक्सॉनॉमी' म्हटले.

पिकासाने घराघरांतल्या फोटोप्रेमींना एक धडाही दिला. त्यातली फोटोओळ आणि शोधशब्द जेपीईजी फाइलीतच लिहिले जात. अल्बमची रचना मात्र पिकासाच्या स्वतःच्या नोंदींत राही. मार्च 2016 मध्ये गूगलने पिकासाचा आधार काढून घेतला. फोटो दुसऱ्या संगणकावर नेल्यावर ओळी सोबत आल्या, पण वर्षानुवर्षे जुळवलेले अल्बम मागेच राहिले. व्हॉट्सअ‍ॅपवर तर याहून जास्त सांडते. फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातली एक्झिफ माहिती गळते. अँड्रॉइडवर फाइलीच्या नावात तारीख येते, पण ती फोटो मिळाल्याची. पणजोबांचा मुंजीतला फोटो कालच्या सुप्रभाताच्या चित्राशेजारी जाऊन बसतो.

मे 2015 मध्ये गूगल फोटोज आले आणि टॅग लावण्याचे काम यंत्राने अंगावर घेतले. 'समुद्र' शोधा, समुद्र येतो; चेहरा दाखवा, त्याचे सगळे फोटो येतात. काही आठवड्यांतच या यंत्राने दोन कृष्णवर्णीय व्यक्तींच्या फोटोंना 'गोरिला' हे लेबल लावले. गूगलने माफी मागितली आणि ते लेबलच काढून टाकले. 2018 मध्येही त्या शब्दाचा शोध रिकामाच येत होता. 'पीपल ऑफ इंडिया'च्या खंडांप्रमाणे इथेही फोटोतल्या माणसाला त्याचे नाव विचारलेले नव्हते.

व्हँडरबिल्टच्या चोख कपाटालाही ही उणीव चुकली नव्हती. त्या संग्रहातला जगप्रसिद्ध फोटो, डोरोथिया लँग यांनी 1936 मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे काढलेला 'मायग्रंट मदर', त्याच्या नोंदीत गाव होते, बाईचे वय होते, मुलांची संख्या होती. नाव नव्हते, लँगनी ते विचारलेच नव्हते. ती बाई फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे जगाला 1978 मध्ये कळले, 42 वर्षांनी.

तो संग्रह आता वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. जानेवारी 2008 मध्ये या ग्रंथालयाने त्यातले रंगीत फोटो आणि बेन न्यूज सर्व्हिसच्या जुन्या काचांवरचे फोटो, असे मिळून सुमारे 3,000 फोटो फ्लिकरवर टाकले आणि लोकांना सांगितले, लावा टॅग. ऑक्टोबरपर्यंत 67,176 टॅग जमले. ग्रंथालयाला जास्त उपयोग झाला तो टॅगांखालच्या गप्पांचा. कोणी इमारत ओळखली, कोणी जुन्या वर्तमानपत्रातून खेळाडूचे नाव काढले, कोणी काचेवर खरवडलेल्या आडनावाचे चुकलेले स्पेलिंग दुरुस्त केले. कर्मचाऱ्यांनी ही माहिती पडताळली आणि पहिल्या काही महिन्यांतच 500 हून अधिक नोंदी सुधारल्या. बेन संग्रहातल्या अशा फोटोंच्या नोंदीत आजही मूळ ओळीखाली नवे नाव दिसते, आणि त्यापुढे कंसात माहितीचा उगम: फ्लिकर कॉमन्स प्रकल्प, 2008.