घर ओढणारी गाडी

१८८५ साली दक्षिण इंग्लंडमधल्या ट्वायफर्ड गावाहून एक लाकडी घर स्कॉटलंडच्या दिशेने निघाले. घराला चार चाके होती आणि पुढे दोन घोडे जुंपलेले होते. त्याचे मालक गॉर्डन स्टेबल्स हे नौदलातून निवृत्त झालेले डॉक्टर, पुढे मुलांसाठी साहसकथा लिहू लागलेले. ‘वाँडरर’ नावाचे हे घर त्यांनी ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्यातून खास बांधून घेतले होते. सामानासकट त्याचे वजन सुमारे दोन टन भरे. सुमारे १३०० मैलांचा प्रवास करून ते इन्व्हरनेसला पोचले. हौसेसाठी घर घेऊन हिंडण्याच्या छंदाची सुरुवात ब्रिटनमध्ये इथून मानली जाते. १९०७ साली तिथे कॅराव्हॅन क्लब स्थापन झाला. १९१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या एक्लिस कंपनीने मोटारीमागे जोडायच्या कॅराव्हॅन बनवायला घेतल्या, आणि घोडे सुटले.

आज ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन ओढायला गाडी हवी असली, की अनेक कुटुंबे जुनी, डिझेलवर चालणारी, चारही चाकांना जोर देणारी गाडी शोधतात. हीच का? आणि ती निवडताना काय पाहायचे? या प्रश्नांची उत्तरे बाजारात जितकी आहेत, तितकीच इतिहासात आणि आपल्या नववी-दहावीच्या विज्ञानात आहेत.

दोन घोडे पुरत, मग शंभर कशाला?

दोन टनांचे घर दोन घोडे ओढत असतील, तर आजच्या गाडीला शंभराहून अधिक अश्वशक्ती कशाला लागते? वर्गात हा प्रश्न जरूर विचारावा. उत्तर एका सूत्रात आहे : शक्ती म्हणजे बल गुणिले वेग.

समजा, दोन टनांची गाडी दीड टनाची कॅराव्हॅन घेऊन चढ चढते आहे. दर दहा मीटरला रस्ता एक मीटर चढतो. एकूण साडेतीन टनांना वर नेण्यासाठी सुमारे ३४०० न्यूटन बल हवे. ताशी ३० किलोमीटर वेगाने चढायचे तर सुमारे २८ किलोवॅट, म्हणजे ३८ अश्वशक्ती पुरते. ताशी ८० किलोमीटरने चढायचे तर तेच बल, पण शक्ती सुमारे १०२ अश्वशक्ती लागते. हवेचा आणि चाकांचा अवरोध यात धरलेलाच नाही. म्हणजे ‘ही गाडी ओढू शकेल का?’ आणि ‘किती वेगाने ओढेल?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपल्याकडे पन्नास अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर उसाने खच्चून भरलेल्या ट्रॉल्या ओढतो, पण मोटारीच्या वेगाने धावत नाही. कारण हेच.

गाडी जागची हलवायला, चढावर उभी राहून पुन्हा निघायला इंजिनाचा दांडा फिरवणारा जोर लागतो. विज्ञानाच्या भाषेत हे बलाचे आघूर्ण, मेकॅनिकच्या भाषेत टॉर्क. इंजिन संथ फिरत असतानाच टॉर्क भरपूर मिळत असेल, तर ओढण्याचे काम सोपे होते.

दाबलेल्या हवेची आग

सायकलचा पंप जोरात मारला की त्याचे टोक गरम होते. हवा दाबली की तापते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने हीच गोष्ट टोकाला नेली. हवा इतकी दाबायची, की नंतर आत सोडलेले इंधन ठिणगीशिवाय पेटावे. १८९३ साली त्याला पेटंट मिळाले. १८९७ च्या फेब्रुवारीत आउग्सबुर्ग येथे प्राध्यापक श्र्योटर यांनी त्याच्या इंजिनाची चाचणी घेतली. इंधनातील २६.२ टक्के उष्णतेचे उपयुक्त कार्य झाले होते. त्या काळची वाफेची इंजिने याच्या निम्मीही मजल क्वचितच मारत. मोठे वाफेचे इंजिन न परवडणाऱ्या छोट्या कारागिरांच्या हाती स्वस्त शक्ती यावी, अशी डिझेलची इच्छा होती. झाले उलटेच. एवढा दाब सहन करणारे इंजिन अवजड झाले आणि ते आधी कारखान्यांत आणि जहाजांत गेले. स्वतः डिझेल १९१३ मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावरून रात्री नाहीसा झाला.

रस्त्यावर यायला या इंजिनाला आणखी दहा वर्षे लागली. १९२० च्या दशकात जर्मनीत डिझेलचे ट्रक आले. १९२७ पासून बॉश कंपनीचा इंधन फवारणारा पंप कारखान्यात बनू लागला, आणि १९३६ साली मर्सिडीजने डिझेलवर चालणारी मोटार बाजारात आणली.

चार चाकांची वाट

चारही चाकांना जोर देण्याची कल्पना याहून निराळ्या वाटेने आली. हॉलंडच्या स्पायकर बंधूंनी १९०३ मध्ये तशी मोटार बनवली होती, पण ती नवलाईच राहिली. १९४० साली अमेरिकी सैन्याला हलकी, कुठेही जाणारी गाडी हवी होती. त्यातून जीप जन्मली आणि युद्धात सहा लाखांहून अधिक जीप बनल्या. १९४७ पासून मुंबईत महिंद्रांनी जीपची जुळणी सुरू केली, म्हणून ही गाडी आपल्याही ओळखीची.

युद्धानंतर इंग्लंडमध्ये रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स आपल्या शेतावर जुनी सैनिकी जीप वापरत. ती मोडल्यावर काय घ्यायचे, या विचारातून लँड रोव्हर घडली. एप्रिल १९४८ मध्ये ती अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात मांडली गेली. पोलादाची टंचाई असल्यामुळे तिची बॉडी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली, चासी मात्र पोलादाची ठेवली.

१९५७ मध्ये लँड रोव्हरमध्ये डिझेल इंजिन आले, आणि दोन्ही वाटा इथे एकत्र झाल्या. त्या इंजिनाची शक्ती सुमारे ५० अश्वशक्ती होती. ओढ भरपूर, वेग बेताचा. पुढे टर्बोचार्जरने हे चित्र पालटले. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर चक्र फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबायची, ही स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याची १९०५ ची कल्पना. लँड रोव्हरचे १९६० च्या दशकातले सव्वादोन लिटरचे डिझेल इंजिन ६२ अश्वशक्ती आणि सुमारे १४० न्यूटन-मीटर टॉर्क देई. १९८९ च्या डिस्कव्हरी गाडीतले अडीच लिटरचे टर्बो इंजिन १११ अश्वशक्ती आणि सुमारे २६४ न्यूटन-मीटर देऊ लागले. दोघांचाही सर्वाधिक टॉर्क मिनिटाला १८०० फेऱ्यांनाच मिळे. वरच्या उदाहरणातला चढ ही दुसरी गाडी मोटारीसारखी चढू शकते, आणि म्हणूनच कॅराव्हॅनवाले तिच्याकडे वळले.

जुनी गाडी पाहताना

आता हा इतिहास हाताशी घेऊन गाडी पाहू.

पहिली गोष्ट वजनाची. गाडीवर ठोकलेल्या पट्टीवर निर्मात्याने एकट्या गाडीचे आणि जोडगाडीचे कमाल वजन दिलेले असते. दुसऱ्यातून पहिले वजा केले, की पूर्ण भरलेल्या गाडीने किती ओढावे ते कळते. पण निर्मात्याची मर्यादा वेगळी आणि शहाणपणाची वेगळी. ब्रिटनमध्ये नवशिक्यांना सल्ला दिला जातो, की भरलेल्या कॅराव्हॅनचे वजन रिकाम्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून जास्त नसावे. दोन टनांच्या गाडीमागे १७०० किलो. हा कायदा नव्हे, पण त्यामागे भौतिकशास्त्र आहे. हलक्या गाडीमागे जड कॅराव्हॅन सापासारखी डोलू लागली, तर ती गाडीलाच ओढून नेते. इंजिन कितीही जोरदार असले तरी त्याचा इथे उपयोग नाही.

सामान कुठे ठेवले, हेही तितकेच महत्त्वाचे. बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते. कॅराव्हॅन उलाळ झाली, तर गाडीची मागची चाके हलकी होतात आणि डोलणे वाढते. म्हणून जोडणीच्या गोळ्यावर कॅराव्हॅनच्या वजनाचा साधारण ५ ते ७ टक्के भार यावा, असे सांगतात.

दुसरी गोष्ट चाकांची. ओल्या गवताच्या मैदानातून कॅराव्हॅन बाहेर काढताना चार चाकांचा जोर फार उपयोगी पडतो. पण काही गाड्यांत पुढची आणि मागची चाके मधल्या डिफरन्शियलशिवाय एकमेकांना जखडली जातात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर तोडतात. निसरड्या जमिनीवर हा फरक घसरून निघून जातो, कोरड्या डांबरावर मात्र दांड्यांना पीळ पडतो. १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये मधले डिफरन्शियल होते, म्हणून तिची चारही चाके कायम जोर लावू शकत. घ्यायच्या गाडीत कोणती रचना आहे, हे आधी विचारावे.

तिसरी गोष्ट तब्येतीची. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. निळा धूर दिसला तर तेल जळते आहे. दाट काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. पांढरा धूर थांबतच नसेल, तर इंधन न जळता बाहेर पडते आहे किंवा थंडाव्याचे पाणी आत शिरते आहे. क्लच घसरतो का, गिअरच्या तेलाला जळका वास आहे का, हे पाहिले की गाडीने आधी किती ओझे ओढले याचा अंदाज येतो. आणि जुन्या लँड रोव्हरची बॉडी चकचकीत दिसली म्हणून भुलू नये. अॅल्युमिनियमला पोलादासारखा तांबडा गंज चढत नाही, पण खालच्या चासीला चढतो. १९४८ मधल्या टंचाईचा हा वारसा वाकून, बॅटरी मारून पाहावा लागतो.

चौथी गोष्ट इतरांच्या श्वासाची. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले. लंडनमध्ये २०१९ पासून मध्यभागात आणि ऑगस्ट २०२३ पासून सर्व भागांत, युरो ६ मानक न पाळणाऱ्या बहुतेक डिझेल मोटारींवर रोजचे शुल्क लावले गेले. नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. लांब पल्ल्यावर ती तापून आतली काजळी जळून जाते. गाडी केवळ गावातल्या छोट्या फेऱ्यांसाठी वापरली असेल, तर गाळणी तुंबते. म्हणजे कमी किलोमीटर झालेली गाडी चांगलीच, असे डोळे मिटून म्हणता येत नाही.

ओढण्याची ताकद ही एकच गोष्ट नाही. टॉर्क, शक्ती, चाकांची पकड, वजन आणि ब्रेक यांची ती जुळणी आहे. कारखान्याच्या हंगामात आपल्या शाळेसमोरून उसाच्या ट्रॉल्या जात असतील, तर विद्यार्थ्यांना वही घेऊन उभे करावे. ट्रॅक्टरचे वजन किती, ट्रॉल्यांचे किती, भार पुढे आहे की मागे, आणि उतारावर ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक आहे का? एवढी माहिती मुलांनी विचारून लिहिली, तरी गतीच्या नियमांचा एक धडा रस्त्यावर शिकून होईल, आणि त्या रस्त्याने सायकलवर घरी जाताना किती अंतर राखायचे हेही त्यांना उमजेल.