थडग्यातलं लोखंड आणि माझा चुकलेला तक्ता

‘पीएचडी कशावर करतोस?’ असं चिंचवडमध्ये कुणी विचारलं की मी सांगतो, लोखंडावर. पुढचा प्रश्न ठरलेला, ‘कुठल्या कंपनीत?’ मग सांगावं लागतं की हे लोखंड अडीच हजार वर्षांपेक्षा जुनं आहे, आणि तेही थडग्यातलं.

नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड इथे शिळावर्तुळं आहेत. मोठ्या दगडांचं कडं, आत माती-गोट्यांची भर, खाली मृताचे अवशेष आणि सोबत ठेवलेल्या वस्तू. एकट्या जुनापाणीत अशी सुमारे ३०० वर्तुळं मोजली गेली आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने तिथली काही उघडली आणि १८७९ साली त्यावर लेख छापला. दगडांवरच्या वाटीसारख्या खळग्यांनी त्याला भुरळ घातली, कारण तसे खळगे युरोपातही होते. ‘हे आमच्याकडच्यासारखं आहे का?’ हा त्याचा प्रश्न. त्याच्या आधी इंग्लंडमध्ये विल्टशायरला कोल्ट होअर आणि कनिंग्टन यांनी असेच शेकडो दफन-ढिगारे फोडले होते. कोणती वस्तू नेमकी कुठे, कशाशेजारी होती, याची बारीक नोंद ठेवायची पद्धत तेव्हा रुजलेली नव्हती. आणि ढिगारा एकदाच खणता येतो!

शां. भा. देव यांनी १९७० च्या सुमारास माहुरझरीत खणलं, तेव्हा प्रश्न बदलले होते. माणसासोबत घोडाही पुरलेला, त्याच्या डोक्यावर तांब्याचा साज. नायकुंडला (१९७८-८०) तर वस्तीतच लोखंड गाळायची भट्टी मिळाली, वक्राकार मातीच्या विटांची. म्हणजे मेलेल्यांच्या कुऱ्हाडी आल्या कुठून, याचं उत्तर जिवंतांच्या वस्तीत होतं.

हे सगळं वाचूनही मी पहिल्या वर्षी माती खाल्लीच. उत्खनन-अहवालांतून तक्ता केला: किती थडग्यांत कुऱ्हाडी, किती खंजीर. खाली ऐटीत लिहिलं, ‘समाज लढवय्या होता.’ गाइडनी एवढंच विचारलं, ‘थडग्यात काय ठेवायचं हे मेलेल्याने ठरवलं की पुरणाऱ्यांनी?’ आणि मग, ‘न खणलेली वर्तुळं किती?’

तेव्हा कुठे लक्षात आलं की माझा तक्ता समाजाचा नव्हताच, निरोपाचा होता. आणि तोसुद्धा मोजक्याच निरोपांचा. आता त्यात दोन रकाने वाढवलेत: ‘वस्तीतही सापडलं का?’ आणि ‘न खणलेली’. दुसरा रकाना सगळ्यात मोठा आहे, आणि सध्या तरी माझं निम्मं प्रकरण त्याच्यावरच अडलंय.